दशमांशाचा दशमांश

जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात एक नियम आहे. लोकांनी आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशाच्या लोकांना द्यावा आणि लेवींनी, स्वतःला मिळालेल्या त्या हिश्श्यातला पुन्हा दहावा भाग काढून, अहरोन याजकाला द्यावा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात क्लीव्हलंड नावाचे गाव आहे. तिथल्या 'चर्च ऑफ गॉड' या पेन्टेकॉस्टल पंथाने १९१७ साली याच नियमावर आपली मध्यवर्ती वर्गणी उभी केली: गावोगावच्या मंडळ्यांनी जमलेल्या दशमांशाचा दशमांश वर पाठवायचा. तीन वर्षांनी, १९२० मध्ये, पंथाच्या महासभेने त्याच्या कितीतरी पुढचे पाऊल टाकले. आता दशमांशाचा दशमांश नव्हे, सगळाच दशमांश क्लीव्हलंडला यायचा होता आणि तिथून तो उपदेशकांमध्ये सारखा वाटला जायचा होता. आणखी तीन वर्षांत पंथ दुभंगला. या फुटीची कथा बहुतेक वेळा माणसांच्या भांडणाची म्हणून सांगितली जाते. एका बाजूला अधिकार गाजवणारा प्रमुख, दुसऱ्या बाजूला त्याच्यावर उठलेले वडीलजन. मला ती कथा अपुरी वाटते. पंथ मोडला तो पैसा वर पाठवण्याच्या वाटेवर. देणारा आणि घेणारा यांच्यात जे दिसण्याजोगे नाते होते ते त्या योजनेने तोडले, आणि त्याच्या जागी तितकेच दिसण्याजोगे दुसरे काही उभे केले नाही.

हे नाते कसले होते ते आधी पाहू. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात १८८६ साली रिचर्ड स्पर्लिंग यांनी आठ-नऊ माणसांची एक मंडळी जमवली, तिथून या पंथाचा वंश सुरू होतो. जानेवारी १९०६ मधली पहिली महासभा कॅम्प क्रीक इथे एका सभासदाच्या राहत्या घरात भरली आणि तिला एकवीस माणसे होती. ही माणसे मक्याची छोटी शेते करणारी, लाकूडतोडीवर किंवा कापडगिरणीत जाणारी. रोकड त्यांच्या हातात क्वचित खेळे. दक्षिणेकडच्या त्या भागात उपदेशकासाठी 'पाउंडिंग' नावाची एक जुनी रीत होती. एखाद्या संध्याकाळी शेजारपाजारची कुटुंबे उपदेशकाच्या घरी जमत आणि प्रत्येक जण पाउंडभर काहीतरी आणी: साखर, कॉफी, पीठ, लोणी, खारवलेले डुकराचे मांस. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुड्यांची रास लागे. कोणाच्या घरचे लोणी आले हे उपदेशकाच्या बायकोला ठाऊक असे, आणि या हंगामात कोणाच्या घरून काही येऊ शकले नाही हेही ती ओळखून असे. आपल्याकडे सुगीच्या वेळी खळ्यावर बलुतेदाराच्या पदरात धान्य पडत असे, त्याच जातीचा हा व्यवहार. फरक एवढाच की बलुत्याला जातीचे बंधन होते आणि इथे श्रद्धेचे. पण दोन्हीकडे देणाऱ्याची नजर दिलेल्या वस्तूच्या मागोमाग तिच्या मुक्कामापर्यंत जात होती.

अशा माणसांना पंथाच्या कार्यालयासाठी पैसे द्यायला लावणे सोपे नव्हते, तरी ते झाले. त्याचे श्रेय अँब्रोज टॉमलिन्सन यांना द्यावे लागेल. इंडियाना राज्यातला हा क्वेकर घरातला माणूस बायबल विकत डोंगरात फिरला, १९०३ साली कॅम्प क्रीकच्या मंडळीत सामील झाला आणि काही वर्षांतच साऱ्या पंथाचा प्रमुख झाला. १९१० साली त्यांनी 'इव्हँजेल' हे नियतकालिक सुरू केले. पुढे छापखाना आला. १ जानेवारी १९१८ रोजी उपदेशकांच्या शिक्षणाची शाळा सुरू झाली, तिच्या पहिल्या शिक्षिका नोरा चेंबर्स. १९२० मध्ये अनाथालय उघडले, महासभेसाठी सभागृह बांधले. यातली एकही गोष्ट एका गावच्या मंडळीच्या आवाक्यातली नव्हती. त्यामुळे वर पैसा पाठवणेच चूक, असे कोणी म्हणू लागले तर ते मला मान्य नाही. शाळा, अनाथालय, छापखाना ही कामे दशमांशाच्या दशमांशावर उभी राहू शकत होती, आणि त्यातले बरेचसे सामान्य सभासदाला समजणारेही होते: 'इव्हँजेल'चा अंक त्याच्या हातात पडत होता, शाळेतून परतलेला गावातला पोरगा त्याच्यासमोर उभा राहून उपदेश करत होता.

१९२० ची योजना याहून मुळातच वेगळी होती. तिच्यामागचा हेतू मात्र थोर होता, हे निःसंकोच मान्य करायला हवे. गिरणीच्या गावातल्या मोठ्या मंडळीचा पाळक बऱ्यापैकी जगत होता आणि नव्या, गरीब वस्त्यांत जाऊन मंडळी स्थापणारा प्रचारक उपाशी राहत होता. कष्ट त्याचे जास्त, मिळकत त्याची कमी. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपली मिळकत प्रेषितांच्या चरणांशी ठेवली आणि प्रत्येकाला गरजेप्रमाणे वाटणी झाली, असे वर्णन आहे. आपण त्याच मंडळीचे खरे वारस आहोत अशी या पंथाची गाढ श्रद्धा होती. मग तिच्याच रीतीने का जगू नये? सगळा दशमांश भांडारात आणा, असे मलाखीचे पुस्तक सांगते. ते भांडार क्लीव्हलंडला असेल, सगळा दशमांश तिथे येईल आणि डोंगरातल्या प्रचारकालाही शहरातल्या पाळकाइतकेच मिळेल. पगाराच्या विषमतेवर हा सरळ घाव होता.

योजना ठरली आणि काळ फिरला. १९२० च्या उन्हाळ्यापर्यंत पाउंडाला चाळीस सेंटच्या आसपास गेलेला कापसाचा भाव वर्षअखेर पंधरा सेंटच्या खाली आला. दक्षिणेतला शेतकरी आणि गिरणीमजूर दोघेही कोरडे पडले. क्लीव्हलंडला येणारा दशमांश घटला, पण छपाईची बिले, कागदाचे पैसे, इमारतीची देणी थांबली नाहीत. उपदेशकांच्या वाटणीच्या निधीतून ही देणी भागवली गेली. १९२२ मध्ये हिशेब तपासायला समिती नेमली गेली. अशा रीतीने इतरत्र वळवलेली रक्कम चौदा हजार डॉलरच्या घरात आहे, असे तिला आढळले. त्याच वर्षी टॉमलिन्सन यांच्या एकट्याच्या हातातला कारभार तिघांत विभागला गेला. जून १९२३ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि एफ. जे. ली यांच्याकडे प्रमुखपद गेले. टॉमलिन्सन आपल्या अनुयायांसह बाहेर पडले. खरी मंडळी आपलीच, असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारे मंदीने घडवले. भाव टिकले असते तर योजनाही टिकली असती. मंदीने आवक घटवली हे उघड आहे. पण याच मंदीत पाउंडिंगची रीत मोडली नाही. ज्या वर्षी कणगीत काही नसे त्या वर्षी उपदेशकालाही कमी मिळे, आणि का कमी मिळाले ते त्याला दिसत असे, कारण तोही त्याच दुष्काळात उभा असे. १९२१ मध्ये मात्र डोंगरातल्या उपदेशकाला दिसत होते ते एवढेच: त्याच्या मंडळीने दशमांश दिला, तो क्लीव्हलंडला गेला आणि परत येताना आक्रसला. मधल्या वाटेवर काय झाले हे त्याला कळण्याची सोय नव्हती. मंदीने तूट आणली. तुटीचा संशय झाला तो हिशेब दिसत नव्हता म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: हा साधा अपहार होता, त्यात वाटेचा आणि नात्याचा प्रश्न कुठला? इथे टॉमलिन्सन यांच्यावर अन्याय होऊ देता कामा नये. वळवलेला पैसा पंथाच्याच कामात, मुख्यतः पंथाचीच देणी फेडण्यात गेला. त्यांची बाजू अशी की छापखाना बंद पडला असता तर पंथाचा आवाजच बंद पडला असता. हे कारण मनापासूनचे होते असे मी मानतो. पण म्हणूनच दोष एका माणसाच्या हेतूवर ढकलून मोकळे होता येत नाही. प्रामाणिक माणसाला जे पैसे उपदेशकांच्या पोराबाळांसाठी दिलेले आहेत ते कागदाच्या बिलाकडे वळवता येत असतील, आणि देणाऱ्यांना ते दोन वर्षांनी समितीकडून कळत असेल, तर दोष रचनेत आहे. हेतू ठरवून दिलेला पैसा त्या हेतूशी बांधलेला असतो. तो सोडवायचा तर ज्याने दिला त्याला विचारावे लागते.

तिसरा आक्षेप धर्मग्रंथाच्या आधाराने येतो आणि पंथाच्या दृष्टीने तोच सगळ्यांत वजनदार: प्रेषितांच्या चरणांशी ठेवलेल्या मिळकतीचा हिशेब कोणी मागत नव्हते. पण तेच पुस्तक दोन अध्याय पुढे वाचावे. सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीतून सुटतात, कुरकुर होते, आणि प्रेषित ती कुरकुर दडपत नाहीत. ते मंडळीलाच सांगतात की तुमच्यातली चांगल्या नावलौकिकाची सात माणसे निवडा, वाटणी त्यांच्याकडे सोपवू. म्हणजे सामायिक भांडाराची गोष्ट आणि भांडारावर लोकांनी निवडलेल्या नजरेची गोष्ट तिथे शेजारी शेजारी आहेत. १९२० च्या महासभेने पहिली उचलली. दुसरी तिच्या हाती लागली १९२२ मध्ये, तोवर विश्वास गेला होता.

त्याच काळात दुसऱ्या एका पेन्टेकॉस्टल पंथाने उलट वाट धरली. एप्रिल १९१४ मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज इथे सुमारे तीनशे माणसे जमून 'असेम्ब्लीज ऑफ गॉड' स्थापन झाले. या लोकांना वरून हुकूम देणाऱ्या मध्यवर्ती सत्तेची इतकी धास्ती होती की त्यांनी स्वतःला पंथ म्हणवून घ्यायचेही टाळले. तिथे मिशनरी स्वतः मंडळ्यांमध्ये हिंडून मदतीची वचने गोळा करतो, आणि मंडळी नावानिशी त्याच्यासाठी देते. १९४९ मध्ये त्यांनी मुलांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातले लहानसे पिंप या पद्धतीचे सार सांगते. मुठीत मावेल एवढे ते पिंप, वर नाणे टाकायला फट. घरी कपाटावर ठेवायचे, भरले की रविवारी उचलून न्यायचे. आणि त्या नाण्यांतून दूरदेशीच्या मुलांसाठी पुस्तके छापली जाणार, हे सात वर्षांच्या पोरालाही माहीत. या पद्धतीतही अन्याय आहे, तो लपवू नये. गोड बोलणाऱ्या, फोटो दाखवू शकणाऱ्या मिशनरीला भरपूर मिळते आणि अबोल माणूस मागे राहतो. क्लीव्हलंडच्या योजनेला हाच अन्याय दूर करायचा होता. समतेच्या बाबतीत तिचे ध्येय उंच होते आणि मला ते आजही प्रिय आहे. पण समता आणायची तर वाट अधिक उजेडात ठेवावी लागते, कमी नव्हे, कारण देणाऱ्याला घेणाऱ्याचा चेहरा दिसत नसतो.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नव्हता, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीवर तिथल्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी पुस्तिका लिहिली. ती चिलीमधल्या व्हालपाराईसोला, मेथडिस्ट मिशनरी हूव्हर दांपत्याच्या हाती पडली. १९०९ मध्ये तिथे तशीच जागृती झाली आणि १९१० मध्ये मेथडिस्ट मिशनशी फारकत झाली. त्याबरोबर परदेशी पैसाही सुटला. चिलीतल्या गरीब मंडळ्यांनी आपले पाळक आपल्याच अर्पणावर पोसले आणि त्या वाढत गेल्या. केरळात उलट्या दिशेने तोच पेच आला. रॉबर्ट कुक या मिशनऱ्याबरोबर काम करणारे के. ई. अब्राहम १९३० मध्ये वेगळे झाले, आणि परदेशातून येणारा पैसा व त्याबरोबर येणारा ताबा हा त्या वादाचा मोठा भाग होता. देशी नेतृत्वाखालची, स्वतःच्या दानावर उभी राहणारी मंडळी अब्राहम यांना हवी होती. कुक १९३६ मध्ये आपल्या मंडळ्यांसह क्लीव्हलंडच्याच चर्च ऑफ गॉडमध्ये सामील झाले. देणारा गरीब असो की श्रीमंत, पैसा वर जात असो की खाली येत असो, तो कोणाच्या हातातून कुठे पोहोचतो हे मंडळीला कळते का, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी तोच राहिला.

क्लीव्हलंडमधला वाद पुढे कोर्टात गेला. १९२४ मध्ये दाखल झालेल्या त्या दाव्यात धर्मतत्त्वाचा निवाडा मागितलेला नव्हता. भांडण नावाचे आणि टपालाचे होते. डोंगरातल्या मंडळ्यांकडून 'चर्च ऑफ गॉड, क्लीव्हलंड' एवढाच पत्ता लिहिलेली पाकिटे येत, त्यांत दशमांशाचे पैसे असत, आणि ती कोणी उघडायची हे आता कोणाला सांगता येत नव्हते. दावा टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला आणि १९२७ मध्ये ली यांच्या बाजूने निकाल लागला. टॉमलिन्सन १९४३ मध्ये वारले. नावाचा तंटा मात्र १९५२ मध्ये मिटला, तेव्हा त्यांच्या शाखेने 'चर्च ऑफ गॉड ऑफ प्रॉफेसी' हे नाव घेतले. दोन्ही पंथांची मुख्यालये क्लीव्हलंडमध्येच राहिली, पाकिटांवरचे पत्ते तेवढे वेगळे झाले.