मलेरियावर झाडपाल्याचा काढा: आफ्रिकेत त्याची पारख कशी होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये मलेरियाने जगभरात सुमारे 5 लाख 97 हजार लोक दगावले. त्यातले सुमारे 95 टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले, आणि तिथे सर्वात जास्त बळी गेले 5 वर्षांखालच्या मुलांचे. अनेक खेड्यांत दवाखाना लांब असतो, वैदू मात्र जवळच राहतो. ताप आला की आधी काढा दिला जातो. तो खरोखर काम करतो का, हा तिथे जीवन-मरणाचा प्रश्न आहे.

झाडपाला म्हणजे सगळं खोटं, असं आपण म्हणू शकत नाही. क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीतून आलं. आर्टेमिसिनिन चीनमधल्या एका वनस्पतीतून मिळालं, आणि त्यासाठी तु यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण दोन्ही वेळा झाडातलं नेमकं द्रव्य वेगळं काढून त्याचं माप ठरवलं गेलं.

नेहमीची पद्धत

वनस्पतीचा अर्क काढून तो प्रयोगशाळेत माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत वाढवलेल्या मलेरियाच्या जंतूंवर टाकतात. किती कमी अर्कात निम्मे जंतू थांबतात, ते मोजतात. तोच अर्क माणसाच्या पेशींना मारतो का, हेही बघतात. मग उंदरांवर प्रयोग होतो, माणसांची पाळी सर्वात शेवटी. इथे बऱ्याच वनस्पती मागे पडतात. घानामधल्या क्रिप्टोलेपिस या वेलीच्या मुळातलं क्रिप्टोलेपिन जंतू मारतं, पण ते डीएनएलाही चिकटतं. म्हणून त्याचं थेट औषध करणं अवघड ठरलं.

मालीची उलटी वाट

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात संशोधकांनी सुरुवातच घरांपासून केली. ताप आला तेव्हा काय घेतलं, पुढे काय झालं, हे कुटुंबांना विचारलं. 66 वनस्पतींची नावं निघाली. सर्वात चांगला गुण आर्गेमोन मेक्सिकाना या झाडाच्या काढ्याचा दिसला. मग डोस ठरवला आणि 301 रुग्णांवर चाचणी घेतली. काढा घेणाऱ्यांपैकी सुमारे 89 टक्के लोकांना दुसरं औषध लागलं नाही. आधुनिक गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 95 टक्के होतं.

आकडा चांगला आहे, पण काढ्याने रक्तातले सगळे जंतू संपत नाहीत. म्हणून दवाखाना गाठेपर्यंतचा आधार, एवढीच त्याची जागा ठरते.

आपल्यासाठी महत्त्वाचं

हे झाड म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणारा काटेरी पिवळा धोत्रा. हे वाचून कुणी तो उकळायला घेऊ नये. त्याच्या बियांचं तेल विषारी असतं. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली आणि अनेकांचा जीव गेला. मालीतला काढा ठरलेल्या मापाने आणि देखरेखीखाली दिला होता. आपल्या घरात ना ते माप आहे, ना ती देखरेख.

थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी आणि औषध मोफत मिळतं. गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका. घरी काही काढा घेतला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका.