आरंभ कोठें करावा? एका अद्भुत खेळमालेचा इतिहास

महाभारत कोठून वाचावयास घ्यावें याविषयीं प्राचीन काळींही एकमत नव्हतें. आदिपर्वांतच असें नमूद आहे कीं, कोणी तें मनूपासून, कोणी आस्तीकाच्या आख्यानापासून, तर कोणी उपरिचर राजाच्या कथेपासून पढतात. ज्या कृतीला अनेक हात लागले आहेत व जी अनेक वर्षें वाढत राहिली आहे, तिचें पहिलें पान आणि तिचा आरंभ हीं एकाच जागीं असतात असें नाहीं. हें ग्रंथांस जसें लागू तसें खेळांसही लागू आहे, असें आम्हीं म्हटलें तर कांहीं वाचकांस ती थट्टा वाटेल. परंतु ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत हा प्रश्न सुटीच्या दिवसांत खरोखरीच निघतो; आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं इतिहासच पाहावा लागतो.

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ ही संगणकावर खेळावयाच्या अद्भुत युद्धखेळांची माला १९९५ सालीं अमेरिकेंत सुरू झाली. तिचे क्रमवार सात खेळ २०१५ पर्यंत निघाले, बहुतेकांस पुरवण्या जोडल्या गेल्या, आणि या सातांमागें चार निरनिराळ्या देशांतील कारागिरांचे हात आहेत. नवखा मनुष्य या यादीपुढें उभा राहिला कीं त्याला पहिला विचार सुचतो तो हा, कीं एकापासून आरंभ करावा. दुसरा सुचतो तो असा, कीं जो नवा तोच सुधारलेला, तेव्हां सातवा घ्यावा. दोन्ही विचार वरवर पाहतां शहाणपणाचे दिसतात, व आमच्या मतें दोन्ही सारखेच फसवे आहेत. मनुष्यापाशीं फुरसतीचे दिवस थोडे असतात. जो भलत्या दारानें आंत शिरतो तो बहुधा ओसरीवरूनच परत फिरतो, आणि मग ‘त्यांत आहे तरी काय?’ असें इतरांस सांगत राहतो. चांगल्या कृतींचे असे कित्येक वाचक व खेळाडू केवळ वाट चुकल्यामुळें गमावले गेले आहेत.

या मालेचा जनक जॉन व्हॅन केनेघम. त्यानें व त्याच्या साथीदारांनीं १९८४ सालीं कॅलिफोर्नियांत ‘न्यू वर्ल्ड कंप्यूटिंग’ ही कंपनी काढली, आणि १९८६ सालीं ‘माइट अँड मॅजिक’ हा खेळ बाजारांत आणला. त्यांत सहा वीरांची टोळी गांवें व तळघरें धुंडाळीत फिरे. युद्धनीतीशीं त्याचा संबंध थोडा. खरें बीज पडलें तें १९९० च्या ‘किंग्ज बाउंटी’त. एक सरदार, त्याच्या पाठीशीं पगारी सैन्य, राजाचा हरवलेला राजदंड आणि मोजून दिलेले दिवस, एवढीच त्याची सामग्री. गुन्हेगारांस पकडावें, नकाशाचे तुकडे मिळवावे, आणि ते जुळवून राजदंड कोठें पुरला आहे तें ओळखून तेथें खणावें. हा खेळ एकट्यानें खेळावयाचा होता. पांच वर्षांनीं त्यांत प्रतिस्पर्धी आले, शहरें आलीं, खाणी आल्या, आणि ‘हिरोज’चा पहिला भाग तयार झाला. खणण्याची ती हौस मात्र पुढेंही सुटली नाहीं: रानोमाळ विखुरलेले शिलास्तंभ पाहत पाहत पुरलेल्या वस्तूची जागा हुडकणें हें दुसऱ्या व तिसऱ्या भागांतही आहेच.

खेळाचें स्वरूप येथें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण आमचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. बुद्धिबळांत दोन्ही पक्ष सारख्या बळानें बसतात, व डाव पुढें जाईल तसतसे मोहरे कमी होत जातात. येथें उलट आहे. आरंभीं खेळाडूजवळ एक शहर, एक नायक, मूठभर शिपाई आणि थोडेसें सोनें असतें. सभोंवारचा मुलूख अंधारांत असतो, व नायक जसजसा पुढें जाईल तसतसा तो उजळतो. एक पाळी म्हणजे एक दिवस. नायकाचा घोडा एका दिवसांत ठरावीक मजलच मारूं शकतो. शहरांत दिवसाला एकच इमारत उठते. सात दिवसांचा आठवडा संपून नवा लागला, कीं शहरांतल्या प्रत्येक शाळेंत, गुहेंत, घरट्यांत नवे लढवय्ये भरतीस तयार होतात. मात्र त्यांना विकत घेण्यास सोनें लागतें, आणि तेंच सोनें इमारतीसही लागतें. सोन्याखेरीज लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक व रत्नें हे सहा जिन्नस आहेत, व ज्याचा तुटवडा आहे त्याची खाण बहुधा शत्रूच्या वाटेवर असते.

वाटेंत एक पेटी सांपडते. ती उघडतांच खेळ विचारतो: २००० मोहरा घेणार कीं नायकाच्या अनुभवांत १५०० ची भर? आज सैन्य कीं उद्यां शहाणपण, हा प्रश्न एका डावांत वीस वेळां पडतो, आणि त्याचें एकच उत्तर नाहीं. शत्रु दोन मजलांवर असेल तर सोनें घ्यावें. तो दूर असेल तर अनुभव. पण शत्रु कोठें आहे हें अंधारामुळें ठाऊक नसतें! प्रपंच चालविणाऱ्या गृहस्थास यांत कांहीं नवीन वाटणार नाहीं. किंबहुना आमच्या समजुतीप्रमाणें या खेळाची गोडी राक्षसांत व ड्रॅगनांत जितकी आहे त्याहून अधिक या जमाखर्चांत आहे.

आतां पहिला भाग कां नको, तें सांगतां येतें. वर वर्णिलेली रचना त्यांत आहे, पण कोंवळी. शहरांच्या जाती चार; नायकाला स्वतःच्या गुणांचा असा विशेष वाढवितां येत नाहीं; आणि जादूचे मंत्र मोजकेच पाठ करून ठेवावयाचे, संपले कीं पुन्हां शहरीं परतावयाचें. १९९६ च्या दुसऱ्या भागांत हे दोष निघाले. शहरांच्या जाती सहा झाल्या, नायक निरनिराळ्या विद्या शिकूं लागला, मंत्रशक्ति मोजण्याची नवी रीत आली. शिवाय कथा आली, तीही घरगुती भाऊबंदकीची. राजा आयर्नफिस्ट मरण पावला. रोलंड व आर्चिबाल्ड हे त्याचे दोन पुत्र सिंहासनासाठीं उभे ठाकले. खेळाडूनें कोणाची बाजू घ्यावयाची हें त्यानेंच ठरवावें. चित्रें रंगीत बालपुस्तकासारखीं, आणि शहरांच्या पार्श्वसंगीतांत चक्क ऑपेराच्या धर्तीचें गायन! आजही तें ऐकून जुने खेळाडू हळवे होतात, व त्यांत अवास्तव कांहीं नाहीं.

पण रचना पुरी झाली ती १९९९ च्या तिसऱ्या भागांत. आठ शहरें, प्रत्येक शहराचे सात दर्जांचे लढवय्ये, व त्यांतील प्रत्येकाचें सुधारलेलें रूप. नकाशाखालीं भुयारांचा दुसरा नकाशा. सैन्यांत पांचांऐवजीं सात तुकड्या. हें नुसतें वाढविणें नव्हे. प्रत्येक शहराचा स्वभाव दुसऱ्याहून इतका निराळा आहे कीं, एक शहर सोडून दुसरें घेतलें म्हणजे नवाच खेळ हातीं आल्यासारखें होतें. प्रेतविद्या जाणणाऱ्यांचें शहर घ्या. त्यांचा नायक लढाई जिंकला कीं रणांगणावर पडलेल्यांपैकीं कांहीं सांगाडे होऊन त्याच्याच सैन्यांत उठून उभे राहतात. पहिल्या आठवड्यांत तीस, महिनाभरांत तीनशें. एकएकटा सांगाडा क्षुद्र, पण त्यांची लाट आली कीं ड्रॅगनही मागें सरतो. कथाही याच सूत्रावर आहे. रोलंडची राणी कॅथरिन माहेरीं, एराथिया राज्यांत, बापाच्या निधनानिमित्त परतते, तों मांत्रिकांनीं त्या मृत बापालाच उठवून शत्रुसैन्याच्या अग्रभागीं उभा केलेला! बापाला चिरनिद्रा देण्यासाठीं मुलीनें त्याच्यावर चालून जावें, ही कल्पना कोणत्याही नाटककारास शोभली असती.

या भागाच्या पहिल्या पुरवणीसंबंधानें एक प्रसंग घडला. कंपनीनें यंत्रें व तोफा असलेलें एक शहर आणण्याचें जाहीर केलें. ‘माइट अँड मॅजिक’च्या मूळ कथेंत अंतराळयानें व यंत्रें होतींच, तेव्हां कर्त्यांच्या दृष्टीनें हें सुसंगत होतें. परंतु खेळाडूंनीं इतका गिल्ला केला कीं तें शहर रद्द करून पंचमहाभूतांच्या प्राण्यांचें दुसरें शहर घालावें लागलें. रसिकांचा हक्क कोठपर्यंत पोंचतो याचा हा नमुना आहे. आम्हांस तो सर्वस्वीं सुखावह वाटत नाहीं.

यापुढील इतिहास मालकीहक्काचा आहे, आणि तो खेदकारक आहे. १९९६ सालींच ‘न्यू वर्ल्ड’ ही कंपनी ‘थ्रीडीओ’ या मोठ्या कंपनीनें विकत घेतली होती. २००२ सालीं चौथा भाग निघाला. त्यांत नायक स्वतः रणांगणांत उतरतो, नायकावांचूनही सैन्य हिंडूं शकतें, आणि कथेसाठीं तर जुनी सृष्टीच नष्ट करून उरलेल्या लोकांस दुसऱ्या जगांत पाठविलें आहे. यांतील कांहीं कल्पना धाडसी होत्या. पण खेळ घाईनें बाहेर पडला हें पानोपानीं दिसतें. पुढच्याच वर्षीं, २००३ सालीं, ‘थ्रीडीओ’चें दिवाळें वाजलें, आणि मालेचे हक्क फ्रान्समधील ‘युबिसॉफ्ट’नें अवघ्या १३ लाख डॉलरांस घेतले. तेव्हांपासून माला निरनिराळ्या घरीं दत्तक जात राहिली: पांचवा भाग (२००६) मॉस्कोच्या ‘निवाल’कडे, सहावा (२०११) हंगेरींतील ‘ब्लॅक होल’कडे, सातवा (२०१५) जर्मनींतील ‘लिंबिक’कडे. यांपैकीं पांचवा खरोखर चांगला आहे. जुनीं चित्रें ज्यांच्या डोळ्यांस मुळींच रुचत नाहींत त्यांनीं त्याच्यापासून आरंभ केला, विशेषतः त्याच्या २००७ च्या दुसऱ्या पुरवणीपासून, तर आम्ही भांडणार नाहीं. सहाव्यानें सात जिन्नसांचे चार केले, म्हणजे जमाखर्चाची गोडीच कमी केली. सातव्याविषयीं इतकेंच कीं तो पुरता शिजण्यापूर्वींच वाढला गेला.

तेव्हां तिसऱ्यापासून आरंभ करावा. पण तिसरा कोणता, हा प्रश्न उरतोच, आणि खरी मेख येथें आहे. २०१५ सालीं ‘युबिसॉफ्ट’नें तिसऱ्याची नवी, स्वच्छ चित्रांची आवृत्ति काढली. तींत दोन्ही पुरवण्या नाहींत. कां नाहींत? तर त्यांची मूळ आज्ञावली मालकांजवळ राहिलीच नव्हती! सोळा वर्षांपूर्वींची, लाखो घरांत चालणारी कृति, आणि तिची मूळ संहिता तिच्या मालकाच्या दप्तरीं नाहीं. जुन्या पोथ्या वाळवीनें खाल्ल्या म्हणून आपण हळहळतों; येथें वाळवीचीही गरज पडली नाहीं. नवखा मनुष्य चकचकीत आवृत्ति घेतो, आणि नववें शहर व यदृच्छेनें नवे नकाशे रचून देणारी सोय, या दोहोंसही मुकतो. त्यानें २००० सालीं पुरवण्यांसह एकत्र निघालेली जुनी आवृत्तीच घ्यावी.

मालकांनीं जें जपलें नाहीं तें खेळाडूंनीं जपलें. रशिया व पोलंड या देशांत तिसऱ्या भागाचा जो परिपाठ पडला तो कधीं तुटला नाहीं. एकाच यंत्रापुढें बसून आळीपाळीनें आठ जणांपर्यंत हा डाव मांडतां येतो, हें त्याचें एक कारण असावें. घरांत संगणक एक व भावंडें चार, अशा ठिकाणीं ही सोय केवढी मोलाची, तें आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको. मूळ आज्ञावली हातीं नसतांना, तयार खेळाचेंच शवविच्छेदन करून कांहीं हौशी मंडळींनीं तो आंतून समजून घेतला. रशियन हौशी मंडळींनीं रचलेली ‘हॉर्न ऑफ द अॅबिस’ ही पुरवणी २०११ च्या अखेरीस निघाली, व तींत चांच्यांचें एक नवें शहर आलें. २०२३ च्या अखेरीस त्याच मंडळींनीं आणखी एक शहर दिलें: कारखान्यांचें व यंत्रांचें. चोवीस वर्षांपूर्वीं ज्या कल्पनेवर खेळाडू तुटून पडले होते तिच्याच जातीची कल्पना आतां खेळाडूंच्याच हातून आली, आणि या वेळीं तिचें स्वागत झालें!

आमची शिफारस थोडक्यांत अशी. जुन्या एकत्रित आवृत्तींतला तिसरा भाग घ्यावा; पहिला डाव कथेचा न खेळतां लहानशा नकाशावर, सरदारांच्या शहरानिशीं मांडावा; पहिल्या दोन डावांत हार येईल ती येऊं द्यावी. महिना-दोन महिन्यांनीं कथा हातीं घ्यावी. ती आवडली तर मागें दुसऱ्याकडे जावें, म्हणजे राणी कॅथरिनच्या सासरचें भांडण कळेल. पहिला भाग व ‘किंग्ज बाउंटी’ हे इतिहासाच्या जिज्ञासूंसाठीं. हौशी मंडळींच्या पुरवण्या मात्र वर्षभर तरी उघडूं नयेत. त्या मुरलेल्यांसाठीं रचल्या आहेत व नवख्याची त्यांत दमछाक होते.

२०२४ सालीं ‘ओल्डन एरा’ नांवाचा आणखी एक खेळ जाहीर झाला. चौथ्या भागानें मोडलेली जुनी सृष्टि त्यांत परत आणली आहे, आणि त्याची कथा पहिल्या भागाच्याही मागच्या काळांत घातली आहे. म्हणजे कथेच्या क्रमानें चालणाऱ्यांचा आरंभ आणखी एकदां मागें सरकला.