९५व्या रस्त्यावरच्या दोन खोल्या

मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे जागा आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहासाचा मी माणूस नव्हे. पण हॅना आरेंट शिकवताना विद्यार्थी तिच्या संकल्पना घडाघडा म्हणायचे आणि ती अमेरिकेत कशी पोचली हे विचारलं की गप्प बसायचे. म्हणून आज संकल्पना बाजूला. आज एका जोडप्याचा प्रवास.

आरेंटने १९३३मध्ये जर्मनी सोडली आणि ती पॅरिसला आली. तिथे १९३६मध्ये तिची हाइनरिश ब्ल्यूखरशी गाठ पडली. हा गृहस्थ बर्लिनच्या कामगार वस्तीतला, पूर्वाश्रमीचा कम्युनिस्ट, ज्यू नसलेला, आणि मुख्य म्हणजे विद्यापीठाची कुठलीही पदवी नसलेला. ती यास्पर्सकडे डॉक्टरेट केलेली. दोघांचीही आधीची लग्नं मोडलेली. जानेवारी १९४०मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, त्यांनी पॅरिसमध्ये लग्न केलं. त्या काळात लग्नाचा कागद ही भावनेपेक्षा व्हिसाच्या अर्जाला जोडायची गोष्ट होती, हे लक्षात ठेवा.

मे महिन्यात फ्रान्सने जर्मनीतून आलेल्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून छावण्यांत टाकलं. म्हणजे बघा, हिटलरने जिला ज्यू म्हणून हाकललं, तिला फ्रान्सने जर्मन म्हणून कोंडलं! आरेंट पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गुर्सच्या छावणीत होती. जूनमध्ये फ्रान्स कोसळला, कारभाराचा चार दिवस गोंधळ उडाला आणि त्या गोंधळात काही बायकांनी सुटकेचे कागद मिळवून छावणी सोडली. हातात टूथब्रशपलीकडे फारसं काही नाही. बऱ्याच जणी मागे राहिल्या. आपला नवरा आपल्याला शोधत इथेच येईल, असं अनेकींना वाटत असणार. त्यात चूक काय? पण गोंधळ संपला, दार बंद झालं, आणि पुढे १९४२पासून त्याच छावणीतून माणसं आउशवित्झला पाठवली गेली. आरेंट निघाली. माँतोबाँ नावाच्या गावात भर रस्त्यात तिला ब्ल्यूखर भेटला. योगायोगानेच.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. व्हिसासाठी दोघं मार्सेयला हॉटेलात उतरलेले. सकाळी निरोप आला, ब्ल्यूखरने खाली काउंटरवर यावं. याचा अर्थ मागोमाग पोलीस. तो शांतपणे खाली गेला, किल्ली ठेवली आणि कोणी अडवायच्या आत बाहेर पडला. नंतर हिने तो सुरक्षित असल्याची खात्री करून घेतली, हॉटेलात परत आली, बिल चुकतं केलं, न्याहारीसुद्धा केली. कारकुनाने विचारलं, यजमान कुठे आहेत? तिने मोठमोठ्याने तमाशाच मांडला: ते तर केव्हाच सरकारी कचेरीत गेलेत, त्यांचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार तुम्ही! आणि लगेच दोघांनी मार्सेय सोडलं.

मार्सेयलाच वॉल्टर बेन्यामिन या मित्राने तिच्याकडे हस्तलिखित सोपवलं होतं. त्याने सप्टेंबर १९४०मध्ये स्पेनच्या सरहद्दीवर, पोर्तबूला, जीव दिला. पुढे ही दोघं त्याच वाटेने गेली. तिने तिथल्या दफनभूमीत त्याचं नाव शोधलं. सापडलं नाही. लिस्बनला बोटीची वाट पाहत असताना त्यांनी त्या हस्तलिखितातली इतिहासावरची टिपणं इतर निर्वासितांना वाचून दाखवली.

मे १९४१मध्ये न्यूयॉर्क. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण सुटका झाली की गोष्ट संपली असं आपण समजतो. पश्चिम ९५व्या रस्त्यावर सामानासकट भाड्याने घेतलेल्या दोन लहान खोल्या. एकीत नवरा-बायको, दुसरीत थोड्याच दिवसांत मागून आलेली तिची आई, मार्था. स्वयंपाकघर इतर भाडेकरूंबरोबर सामायिक. सासूचं आणि जावयाचं फारसं पटत नसे. हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. म्हातारी घरी बसून लेस विणण्याचं काम करायची, नगावर पैसे. आरेंट इंग्रजी शिकायला मॅसॅच्युसेट्समधल्या एका कुटुंबात जाऊन राहिली. यजमान शाकाहारी, आणि घरात धूम्रपानाला बंदी! जिची सिगारेट हातची सुटत नसे, तिने ते दिवस कसे काढले असतील कोण जाणे. पण इंग्रजी शिकून आली.

ब्ल्यूखरचं काय? चाळिशी ओलांडलेला, बोलण्यावर जगलेला माणूस, आणि बोलायला भाषाच नाही. त्याने न्यू जर्सीच्या एका कारखान्यात फावड्याने रसायनं ओढायचं काम केलं. न्यू जर्सी म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जणांना नातवंडं आठवली असतील. त्याच न्यू जर्सीत. तो वहीत इंग्रजी वाक्प्रचार उतरवून घ्यायचा, पण ते जिभेवर बसत नसत. बायको लिहिते, मिळवते, ओळखी वाढवते, आणि नवरा गप्प. संसारात ही स्थिती सोपी नसते. ती त्याच्याशी जर्मनमध्येच बोलत राहिली, आणि तिचं विचार करणं त्या बोलण्यातूनच चालायचं, असं माझं मत आहे. १९५१मध्ये आलेला तिचा एकाधिकारशाहीवरचा ग्रंथ त्यालाच अर्पण केलेला आहे.

जानेवारी १९४३मध्ये तिने निर्वासितांवर एक निबंध लिहिला. त्यात एक कोन नावाचा कल्पित गृहस्थ आहे. जर्मनीत तो दीडशे टक्के जर्मन, मग व्हिएन्नात कट्टर ऑस्ट्रियन, मग फ्रान्समध्ये फ्रेंच देशभक्त. तिची थट्टा कडवट आहे. दिवसभर आशावादी बोलणारे लोक घरी जाऊन गॅस सुरू ठेवतात, हेही तिने त्यातच सांगितलं आहे. नवं आयुष्य सुरू करायचं तर जुनं विसरा, हा उपदेश तिला मान्य नव्हता. देश गेला, भाषा गेली, नागरिकत्व गेलं, तर माणसाकडे हक्क मागण्याचा तरी हक्क उरतो का? हा प्रश्न तिला ग्रंथालयात सुचलेला नाही. १९३३ ते १९५१, अठरा वर्षं ती कोणत्याच देशाची नव्हती.

मार्था १९४८मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर वारली. आणि ब्ल्यूखर, तो पदवी नसलेला माणूस, १९५२पासून बार्ड कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागला. इंग्रजीत, टिपणांशिवाय! १९७०मध्ये तो गेला, १९७५मध्ये ती. दोघांच्या अस्थी त्या कॉलेजच्याच दफनभूमीत आहेत.

आता प्रश्न असतील तर विचारा. चहा तयार आहे म्हणतात, पण आधी प्रश्न.