सायकलीचा प्रश्न आणि चुकांची दुरुस्ती : इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा इतिहास

इंग्रजी ही ज्यांची जन्मभाषा नाही त्यांच्या इंग्रजीची रीतसर परीक्षा घेण्याची प्रथा शंभर वर्षांहून थोडी जुनी आहे. मात्र परीक्षार्थीला समोर बसवून ‘तुम्हाला सायकल चालवता येते का’, ‘लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का’ असे घरगुती प्रश्न विचारावेत आणि त्यांच्या उत्तरांवरून त्याचे व्याकरण जोखावे, ही रीत त्या मानाने बरीच अलीकडची आहे. सायकलीसारखा विषय निवडण्यामागे हेतू असतो. ज्याचे उत्तर देण्यासाठी कोणत्याही विशेष ज्ञानाची गरज पडत नाही असा विषय दिला, की परीक्षार्थी काय बोलतो याला महत्त्व उरत नाही आणि तो कसा बोलतो एवढेच उघडे पडते.

केंब्रिज विद्यापीठाने 1913 साली परकीयांसाठी, विशेषतः इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परदेशी शिक्षकांसाठी, प्रावीण्याची परीक्षा सुरू केली तेव्हा तिचे स्वरूप असे मुळीच नव्हते. सुमारे 12 तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर, व्याकरण, निबंध, इंग्रजी वाङ्मय आणि उच्चारशास्त्र, म्हणजे ध्वनींची शास्त्रीय चिकित्सा, अशा लेखी पत्रिका होत्या आणि तोंडी भागात श्रुतलेखन, प्रकट वाचन व संभाषण मिळून एक तास असे. पहिल्या वर्षी तीन परीक्षार्थी बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. तरीही संभाषणाला अर्धामुर्धा का होईना वाटा मिळाला, त्याच्या पाठीशी 1882 साली विल्हेल्म फिएटर या जर्मन भाषातज्ज्ञाने भाषाशिक्षणाची दिशा उलटवण्याची जी हाक दिली होती ती आणि तिच्यातून उभी राहिलेली, बोललेल्या भाषेला अग्रमान देणारी सुधारणावादी चळवळ होती.

मुंबई इलाख्यात इंग्रजीची वाट वेगळी पडली. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर इंग्रजी ही पदवीची आणि नोकरीची भाषा झाली खरी, पण ती प्रामुख्याने वाचण्याची आणि लिहिण्याची भाषा राहिली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाला’, ज्यांवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांची पद्धत नावातच आहे : नियम सांगावा, शब्द द्यावेत आणि मराठी वाक्यांचे इंग्रजीत व इंग्रजी वाक्यांचे मराठीत रूपांतर करून घ्यावे. या पद्धतीला पुढे रुक्ष ठरवण्यात आले, पण मराठी आणि इंग्रजी वाक्यरचना कोठे एकमेकींना सोडतात हे शिकणाऱ्याला जाणीवपूर्वक दाखवण्याचे काम तिने जितके केले तितके नंतरच्या अनेक चकचकीत पुस्तकांनी केलेले नाही. तिची उणीव निराळी होती : चूक वहीत सापडे आणि वहीतच दुरुस्त होई. तोंडातून निसटलेल्या वाक्याला तेथे जागा नव्हती.

सायकलीविषयीच्या साध्या उत्तरात मराठी भाषक कोठे अडखळतो हे पाहिले, तर ही उणीव किती महागात पडते ते दिसते. मराठीत सायकल, मोटार आणि दुकान ही तिन्ही ‘चालवली’ जातात. इंग्रजीत सायकलीला ‘राइड’ लागते, मोटारीला ‘ड्राइव्ह’ आणि दुकानाला ‘रन’, त्यामुळे ‘आय ड्राइव्ह बायसिकल’ हे वाक्य सहज बाहेर पडते. त्यात ‘अ’ गळतो, कारण मराठीत उपपद, म्हणजे नामाआधी येणारा ‘अ’ किंवा ‘द’ सारखा शब्द, नाहीच. आणि तो आठवला तर त्याच्या जागी ‘वन’ येतो, कारण ‘माझ्याकडे एक सायकल आहे’ मधला ‘एक’ जिभेवर असतो. ‘मी सायकल शिकलो’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, पण इंग्रजीत सायकल नव्हे, सायकल चालवणे शिकावे लागते. ‘दहा वर्षांपासून’ मधला ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय इंग्रजीतील ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ या दोघांचे काम एकटेच करते, म्हणून ‘सिन्स टेन इयर्स’ ही चूक इतकी चिवट आहे. ‘पंक्चर काढणे’ याचे शब्दशः रूपांतर इंग्रज श्रोत्याला कोड्यात टाकते, कारण त्याच्या भाषेत पंक्चर काढत नाहीत, दुरुस्त करतात. याउलट ‘मी शाळेत सायकलने जात असे’ हा मराठीचा रीतिभूतकाळ, म्हणजे भूतकाळातील सवय सांगणारे रूप, इंग्रजीतील ‘यूज्ड टू’ शी बहुतांशी जुळणारा असूनही शिकणारे तो सोडून ‘आय वॉज गोइंग’ म्हणतात. आपल्याच घरातील किल्ली न वापरण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल.

अशा चुकांकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी विसाव्या शतकात दोनदा पालटली. रॉबर्ट लाडो यांनी 1957 साली मांडले की दोन भाषांची तुलना केली असता शिकणाऱ्याच्या अडचणी आधीच सांगता येतात. पिट कॉर्डर यांनी 1967 साली चूक हा दोष नसून शिकणाऱ्याच्या मनातील नियमांचा पुरावा आहे असे प्रतिपादन केले आणि लॅरी सेलिंकर यांनी 1972 साली त्या अधल्यामधल्या, स्वतःचे नियम असलेल्या भाषेला ‘आंतरभाषा’ या अर्थाचे नाव दिले. भारतात एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर प्रकल्पात व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून, मुलांना अर्थपूर्ण कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला.

परीक्षांचा प्रश्न मात्र दुसराच होता : दोन परीक्षकांनी एकाच उत्तराला सारखेच गुण द्यावेत कसे? केंब्रिजच्या परीक्षामंडळातील जॅक रोच यांनी 1945 सालच्या अहवालात त्याचा प्रयोगाधारे विचार केला होता. 1989 साली केंब्रिज, ब्रिटिश कौन्सिल आणि ऑस्ट्रेलियातील आयडीपी यांनी मिळून ‘आयईएलटीएस’ ही परीक्षा आणली आणि 2001 साली तिच्या संभाषणाची फेररचना होऊन परीक्षकाचे प्रश्नही लिखित चौकटीत बांधले गेले. आज परदेशी शिक्षणाला किंवा परिचारिकेच्या नोकरीला निघालेले अनेक मराठी तरुण हीच परीक्षा देतात. संभाषण 11 ते 14 मिनिटांचे असते; पहिल्या चार-पाच मिनिटांत घर, काम, सायकल असे ओळखीचे विषय येतात, आणि ओघ, शब्दसंपदा, व्याकरण व उच्चार या चार निकषांना समान वजन असते. म्हणून शिकवणीवर्गांत सायकलीवरची तयार उत्तरे पाठ करून घेतली जातात, आणि ती ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिलेले असल्यामुळे ती बहुधा वाया जातात.

परीक्षकाने चूक दुरुस्त करायची नसते; तो ऐकतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. परीक्षार्थीच्या हाती अखेर पडतो तो शून्य ते नऊ या पट्टीवरचा एक आकडा. ‘ड्राइव्ह’ चुकले की ‘सिन्स’, हे त्यात लिहिलेले नसते.