आधीं कोणास?

द्रोणाचार्यांनीं शिष्यांची परीक्षा घेतली ती गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. झाडावर एक कृत्रिम पक्षी बसविलेला होता. कोणास झाड दिसलें, कोणास फांदी दिसली, कोणास गुरु आणि भावंडें दिसलीं. अर्जुनास मात्र पक्ष्याचें मस्तक तेवढें दिसलें. एकाग्रतेचा धडा म्हणून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु श्रोतेहो, या परीक्षेंत अर्जुनास एक मोठी सोय होती. कोणता पक्षी वेधावयाचा हें गुरूंनीं आधींच ठरवून दिलें होतें, आणि तो पक्षी कांहीं उलट बाण मारीत नव्हता. आतां अशी कल्पना करा कीं, झाडावर पांच पक्षी आहेत, पांचही धनुर्धर आहेत, आणि खालीं पांच अर्जुन उभे आहेत. अशा वेळीं नुसता नेम अचूक असून भागेल काय? तेथें पहिला प्रश्न निराळाच उभा राहील : पांचांनीं मिळून आधीं कोणता पक्षी वेधावा?

संगणकावरील सांघिक झुंजींच्या खेळांचा इतिहास बहुतांशीं या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो. आपल्या घरांतील तरुण मंडळी कानांस हेडफोन लावून पडद्यापुढें बसतात, आणि मधूनच कोणी ओरडतो, ‘त्याला नको, मागच्याला आधीं!’ शेजारच्या खोलींत वडील माणसांस तो केवळ गलका वाटतो. त्या ओरडण्यामागें कांहीं शास्त्र आहे, त्या शास्त्रास वंशावळ आहे, आणि त्यांत माणसाच्या स्वभावाचीही एक परीक्षा आहे. तें आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचें आहे.

इ. स. २००४ च्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ प्रसिद्ध झाला. हजारों माणसें आपापल्या घरीं बसून एकाच काल्पनिक जगांत वावरूं लागलीं. त्या जगांतील राक्षसांशीं लढतांना गड्यांत श्रमविभाग असे. चिलखत घातलेला ढालकरी पुढें उभा राहून मार खाई. वैद्य मागें राहून त्याचे घाव भरून काढी. बाकीचे हल्लेकरी शत्रूवर तुटून पडत. ही व्यवस्था सुरळीत चाले याचें कारण राक्षसाचें डोकें यांत्रिक होतें. आपणांस कोणी किती डिवचलें याचा हिशेब तो ठेवी, आणि ज्याच्या नांवावर अधिक जमा होई त्याच्यावरच धांवून जाई. सर्वांत अधिक डिवचून त्याला आपल्याकडे गुंतवून ठेवणें, हें ढालकऱ्याचें काम.

पुढें इ. स. २००७ च्या जानेवारींत या खेळाची पहिली पुरवणी निघाली आणि तिच्याबरोबर ‘अरीना’, म्हणजे रिंगण, आलें. दोघांविरुद्ध दोघे, तिघांविरुद्ध तिघे, पांचांविरुद्ध पांच, अशी समसंख्य संघांची तेथें गांठ पडे. आतां समोर राक्षस नव्हता, माणूस होता. ढालकऱ्यानें कितीही डिवचलें तरी माणूस त्याच्याकडे पाहीना. त्याला वळसा घालून तो सरळ मागच्या वैद्यावर जाई. यंत्राचें लक्ष्य प्रतिपक्षास ठरवितां येत होतें. माणूस आपलें लक्ष्य आपण निवडूं लागला. या खेळांतील रिंगणविद्येचा आरंभ येथें झाला.

या विद्येचा पहिला नियम अंकगणिताचा आहे. समजा, तिघांविरुद्ध तिघे लढत आहेत. प्रत्येकाची प्राणशक्ति ३०० आहे आणि प्रत्येकजण सेकंदास १० या मानानें ती तोडतो. पहिला संघ तिघे मिळून एकेकास गांठतो. दुसरा संघ आपले घाव तिन्ही प्रतिस्पर्ध्यांवर सारखे वांटतो. दहाव्या सेकंदास दुसऱ्या संघाचा एक गडी पडतो, विसाव्यास दुसरा, तिसाव्यास तिसरा. त्या संघानें पहिले दहा सेकंद तिघांनीं मारा केला, पुढचे दहा दोघांनीं, शेवटचे दहा एकट्यानें. त्याची बेरीज ६०० भरते. तिघांत ती वांटली म्हणजे प्रत्येकाचे २०० गेले आणि १०० उरले. बळ तंतोतंत समान असतां एका संघाचा निःपात झाला, आणि दुसऱ्याचा एकही गडी पडला नाहीं! या खेळांत अर्धमेला गडी धडधाकट गड्याइतक्याच जोरानें मारतो. मारीत नाहीं तो फक्त पडलेला. तेव्हां तिघांस घायाळ करण्यापेक्षां एकास पाडणें शतपट श्रेयस्कर.

हें गणित संगणकवाल्यांनीं नव्यानें शोधून काढलेलें नाहीं. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रविशारदानें तें इ. स. १९१४ मध्यें लेखरूपानें मांडलें, आणि १९१६ मध्यें विमानयुद्धावरील आपल्या ग्रंथांत घातलें. दुरून मारा करणाऱ्या आणि तो मारा एकवटूं शकणाऱ्या सैन्याचें बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, असा त्याचा सिद्धांत आहे. उदाहरणासाठीं त्यानें नेल्सनची ट्रफाल्गारची योजना घेतली. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं नेल्सनपाशीं २७ मोठीं जहाजें होतीं. फ्रेंच व स्पॅनिश मिळून ३३. शत्रूच्या लांबच लांब रांगेस दोन ठिकाणीं छेद देऊन त्यानें मधल्या आणि मागच्या भागावर आपलें सारें बळ लोटलें. पुढच्या जहाजांस वळून मदतीस येण्यास वेळ लागला, आणि तेवढ्यांत निकाल लागला. जोड-आरमाराचीं १८ जहाजें गेलीं; इंग्रजांचें एकही गेलें नाहीं. त्याच लढाईंत शत्रूच्या एका बंदूकवाल्यानें डोलकाठीवरून खुद्द नेल्सनला टिपलें, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लक्ष्य याहून मोलाचें कोणतें असणार? तरी आरमार विस्कटलें नाहीं. बारा दिवस आधींच लेखी टिपणानें आणि समक्ष बैठकींत त्यानें आपला बेत कप्तानांच्या मनांत उतरविला होता. शत्रूनें सेनापति पाडला. बेत सत्तावीस जहाजांवर जिवंत राहिला.

बळ एकवटावें हें ठरलें. पण तें कोणावर? नवशिक्यास सर्वांत जवळचा शत्रु दिसतो, किंवा सर्वांत मोठा दिसतो, किंवा ज्यानें नुकताच आपणांस घाव घातला तो दिसतो. म्हणजे मघांच्या राक्षसाप्रमाणेंच तोही डिवचला जातो. कसलेला संघ दोन गोष्टी तोलून पाहतो : कोणाच्या पडण्यानें बाकीच्यांचें बळ सर्वांत अधिक घटेल, आणि कोण लवकर पडूं शकेल? ढालकऱ्याचें कवच फोडण्यांत वेळ फार जातो. वैद्य उभा आहे तोंवर प्रत्येक घाव भरून निघतो. म्हणून ‘वैद्य आधीं’ हें सूत्र सर्वतोमुखीं झालें.

परंतु सूत्र सर्वांस कळलें कीं त्याची धार जाते. वैद्य रिंगणांतील खांबांआड दडूं लागले, साथीदार त्यांच्या बचावास धांवूं लागले. तेव्हां शहाण्या संघांनीं डाव फिरविला. वैद्यास मारूंच नये. त्यास कांहीं क्षण जखडून ठेवावें, आणि तेवढ्यांत त्याच्या आश्रयावर लढणाऱ्या हल्लेकऱ्यास पाडावें. या खेळांतील जादुगार प्रतिस्पर्ध्याचें चक्क मेंढरूं करून टाकतो! पण त्या मेंढरास कोणाचा चुकून धक्का लागला कीं मंत्र तुटतो. शिवाय एकाच तऱ्हेचें बंधन त्याच गड्यावर लागोपाठ घातलें तर दुसऱ्यांदा तें निम्मा वेळ टिकतें, तिसऱ्यांदा पाव, आणि चौथ्यांदा मुळींच लागत नाहीं. म्हणून बंधनें जपून, पाळीपाळीनें खर्चावीं लागतात. शेवटची युक्ति सर्वांत अवघड. एकावर जोराचा मारा करून त्यास आपले बचाव खर्चावयास लावावयाचें, आणि एका शब्दासरशीं सर्वांनीं दुसऱ्याकडे वळावयाचें. तीन चतुर्थांश घायाळ झालेला शत्रु हातचा सोडून देणें मनास फार जड जातें. तेथेंच संघाची कसोटी लागते.

हें सारें ऐकतांना आपणांस कुरुक्षेत्रावरील तेरावा दिवस आठवल्याशिवाय राहणार नाहीं. संशप्तकांनीं अर्जुनास दूर ओढून नेलें. अभिमन्यु चक्रव्यूहांत शिरला. त्याच्या पाठोपाठ निघालेल्या पांडवांस जयद्रथानें व्यूहाच्या तोंडाशीं अडवून धरलें. आंत अनेक महारथींनीं मिळून एकट्यास गांठलें. रक्षकास दूर नेणें, मदत थोपविणें, लक्ष्य एकटें पाडणें आणि मारा एकवटणें, हीं रिंगणविद्येचीं चारही अंगें त्या एका दिवसांत आहेत. आणि त्याच दिवसास आपण आजवर अधर्म म्हणत आलों आहों. मग आपलीं मुलें घरबसल्या हाच अधर्म शिकतात काय?

मला तसें वाटत नाहीं. कुरुक्षेत्रावर युद्धाचे नियम उभय पक्षांनीं आरंभीं ठरविले होते, आणि त्या दिवशीं ते मोडले गेले; दुःख त्याचें आहे. रिंगणांत दोन्हीकडे संख्या सारखी, नियम सारखे, आणि पडलेला गडी कांहीं मिनिटांत पुढच्या डावास उभा राहतो. अनेकांनीं एकास गांठणें हा तेथें उघड करार आहे. मात्र या कराराची दुसरी बाजू विसरतां कामा नये. समोरचे पांचजण आपल्यांतील एकास एकटें पाडण्याच्या बेतांत आहेत, हें प्रत्येकास पक्कें ठाऊक असतें. म्हणून आपला अभिमन्यु या क्षणीं कोण, याकडे सर्वांचा एक डोळा लागलेला असावा लागतो. या विद्येचा अर्धा भाग मारण्याचा. उरलेला अर्धा राखण्याचा आहे.

हा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या एका खेळानें अधिक स्पष्ट केला. इ. स. २००३ मध्यें ‘वॉरक्राफ्ट’ मालिकेंतील तिसऱ्या खेळाच्या साधनांतून हौशी मंडळींनीं ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’, म्हणजे ‘डोटा’, नांवाचा पांचापांचांचा सामना रचला. त्यांत अंतिम लक्ष्य प्रतिपक्षाच्या तळांतील एक वास्तु असते; ती पडली कीं डाव संपला, मग कोणी कितीही गडी मारलेले असोत. सोनें मर्यादित असतें, म्हणून तें एका-दोघांस अधिक मिळूं देऊन त्यांस बलवान करितात. पांचव्या क्रमांकाचा गडी जन्मदरिद्री राहतो; टेहळणीचीं साधनें विकत घेतो, आणि वेळप्रसंगीं साथीदारासाठीं स्वतः मरतो. याचाच पुढचा अवतार ‘डोटा २’. त्याची पहिली मोठी स्पर्धा इ. स. २०११ मध्यें जर्मनींतील कोलोन शहरीं झाली, आणि युक्रेनच्या ‘नाटुस विन्सेरे’ संघानें दहा लक्ष डॉलरांचें पहिलें बक्षीस मिळविलें. इ. स. २०१८ च्या ऑगस्टमध्यें कॅनडांतील व्हँकुव्हर येथें ‘ओजी’ नामक संघानें हीच स्पर्धा जिंकली. तीन महिन्यांपूर्वीं त्याचे दोन गडी सोडून गेले होते, आणि संघास खुल्या पात्रताफेरींतून वर यावें लागलें होतें. त्याचा कर्णधार, डेन्मार्कचा योहान सुंडस्टाइन, त्या स्पर्धेंत पांचव्या, म्हणजे सर्वांत दरिद्री, जागेवर खेळला.

याच सुमारास ‘ओपनएआय’ या अमेरिकन संस्थेनें यंत्रांस हा खेळ शिकविण्याचा प्रयोग चालविला होता. पांच यंत्रबुद्धि गडी म्हणून परस्परांशीं अहोरात्र खेळत, आणि चांगल्या कृतीबद्दल त्यांस गुण मिळत. अडचण अशी पडली कीं, गुण ज्याचे त्यास द्यावेत, कीं पांचांत वांटावेत? शास्त्रज्ञांनीं त्यासाठीं एक अंक योजिला आणि त्यास नांव दिलें ‘संघभाव’. तो शून्य असला म्हणजे प्रत्येकजण स्वार्थी; एक असला म्हणजे सर्वांचें सुखदुःख समान. आरंभीं त्यांनीं तो कमी ठेवला, कारण आपल्या कृतीचें फळ आपणांस कळल्याशिवाय हातोटी येत नाहीं. पुढें तो हळूहळू एकाकडे नेला. हीं यंत्रें २०१८ मध्यें व्हँकुव्हर येथें माणसांकडून दोनदां हरलीं. आणखी अभ्यास झाल्यावर, इ. स. २०१९ च्या एप्रिलमध्यें, सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं त्याच ‘ओजी’ संघास दोन्ही डावांत हरविलें.

यंत्रांचा संघभाव एक अंक बदलून वाढवितां येतो. आपल्या मुलांच्या बाबतींत अशी सोय नाहीं. डाव संपल्यावर पडद्यावर कोणी किती मारले याचे आंकडे झळकतात, आणि आपणही कौतुकानें तेंच विचारतों. त्याऐवजीं एखाद्या संध्याकाळीं मुलास जवळ बसवून दुसरेंच विचारून पाहावें : ‘आज तुम्हीं आधीं कोणास निवडलेंत? तें कोणी ठरविलें? आणि तुमच्यांतला कोण एकटा पडला, तेव्हां तूं कोठें होतास?’ या प्रश्नांचीं उत्तरें तो मन लावून देऊं लागला, तर त्याचा तो तास अगदींच वायां गेला असें मीं तरी म्हणणार नाहीं.