संततिनियमनाचा विचार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

महाविद्यालयीन युवक-युवतींना गर्भधारणा व गर्भनिरोधन यांची कितपत माहिती आहे, हे प्रश्नावलीच्या आधारे तपासणारे शोधनिबंध आज पुष्कळ आढळतात. तथापि ही माहिती देण्याची जबाबदारी कोणी स्वीकारली व कोणी टाळली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

महाराष्ट्रात या कार्याचा आरंभ एका महाविद्यालयीन अध्यापकानेच केला. विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. व्यवस्थापनाला हे कार्य रुचले नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडलेला संततिनियमनाचा प्रस्तावही फेटाळला गेला. बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत या प्रस्तावाचा उल्लेख प्रस्तुत लेखकाच्या तरी ऐकण्यात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ पासून शासनाने कुटुंबनियोजन हाती घेतले. परंतु त्याचा रोख विवाहित जोडप्यांवर राहिला. याचे बोलके उदाहरण साताऱ्याचेच आहे. २००७ मध्ये तेथे नवविवाहितांसाठी प्रोत्साहन योजना सुरू झाली. पहिले अपत्य दोन वर्षे लांबविल्यास ५,००० व तीन वर्षे लांबविल्यास ७,५०० रुपये असे तिचे स्वरूप होते. योजना स्तुत्यच होती. मात्र त्याच वर्षी, विधिमंडळातील विरोधानंतर, राज्यातील शाळांमधील लैंगिक शिक्षण थांबविण्यात आले. म्हणजे जी माहिती वर्गात अनुचित ठरली, तिच्या वापरासाठी लग्नानंतर रोख रक्कम! पदवीच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन जिचे नाव हजेरीपटावरून कमी होते, त्या मुलीने हे ज्ञान नेमके कोठे मिळवावे, याचे उत्तर दोन्ही निर्णयांत नाही.

सांगली जिल्ह्यात निराळीच अडचण निर्माण झाली. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे १९ भ्रूण सापडले. लिंगनिदानाचा गुन्हा अक्षम्यच. पण त्यानंतरच्या लोकचर्चेत गर्भपात म्हणजेच गुन्हा, असा समज बळावला. वस्तुतः लिंगनिदानास बंदी करणारा १९९४ चा कायदा वेगळा आणि ठरावीक अटींवर गर्भपातास अनुमती देणारा १९७१ चा कायदा वेगळा. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधन अयशस्वी ठरल्याची सवलत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांपुरतीच होती. २०२१ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.