चाकांवरच्या जुन्या घरांचा तोल : भारवाटप जोडणीचे शास्त्र

अमेरिकेतील महामार्गांवर उन्हाळ्याच्या दिवसांत मोटारीमागे जोडलेली, चाकांवरची छोटी घरे मोठ्या संख्येने दिसतात. स्वतःचे इंजिन नसलेल्या आणि मोटारीने ओढून न्यायच्या या घरांना तेथे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. त्यांतही जुन्या बनावटीच्या ट्रेलरांचे आकर्षण निराळेच आहे. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या 'एअरस्ट्रीम'चे अ‍ॅल्युमिनियमचे चकाकते ट्रेलर, १९४१ मध्ये जन्मलेल्या 'शास्ता'चे छोटेखानी ट्रेलर, विमाने बनविणाऱ्या टल्सा येथील 'स्पार्टन' कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली ऐसपैस घरे ही या छंदाची मानचिन्हे होत. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे स्थापन झालेली आणि काळाच्या ओघात विस्मृतीत गेलेली 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही प्रवाशांची संघटना १९९८ मध्ये पुन्हा उभी राहिली, ती याच ओढीतून.

तथापि, ही जुनी घरे रस्त्यावर आणणे हा केवळ रंगरंगोटीचा आणि हौसेचा विषय नाही. त्यांपैकी अनेक ट्रेलर आंतरराज्य महामार्गांचा १९५६ चा कायदा होण्यापूर्वीच्या, संथ रस्त्यांसाठी बांधलेले आहेत. आज ते वेगळ्या घडणीच्या मोटारींमागे आणि कितीतरी अधिक वेगाने धावतात. अशा वेळी प्रवाशांची सुरक्षितता मोटार आणि ट्रेलर यांच्यामधील हातभर लोखंडावर अवलंबून असते. या जोडणीला 'हिच' म्हणतात. भार वाटून देणारी आणि हेलकावे रोखणारी हिच नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

बैलगाडीचा जुना धडा

बैलगाडीत माल भरणाऱ्याला या शास्त्राचे मूळ सूत्र ठाऊक असते. मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाले की बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही तसेच असते. त्याच्या पुढच्या त्रिकोणी दांडीचे टोक मोटारीमागील लोखंडी गोळ्यावर टेकते. या टोकावर पडणारे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे, असा अमेरिकेत प्रचलित असलेला दंडक आहे. माल भरलेल्या १,८०० किलोच्या ट्रेलरसाठी ते १८० ते २७० किलो भरते.

हे प्रमाण घटले, म्हणजेच वजन ट्रेलरच्या मागच्या भागात गेले, की ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो. शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकने ढकललेली हवा, आडवा वारा, रस्त्याचा उतार किंवा सुकाणूला दिलेला एखादा हिसका एवढे निमित्त त्याला पुरते. कमी वेगात असे झोके आपोआप विरतात. वेग वाढतो तशी ते विरण्याची क्षमता कमी होत जाते. एका मर्यादेपलीकडे प्रत्येक झोका आधीच्या झोक्यापेक्षा मोठा होतो आणि अखेरीस ट्रेलर मोटारीलाच फिरवितो. ही मर्यादा प्रत्येक जोडीसाठी वेगळी असते. ट्रेलरची लांबी, वजनाची मांडणी, टायरमधील हवा आणि मोटारीचा आकार यांवर ती ठरते.

भार वाटला जातो तो असा

दांडीवर पुरेसे वजन ठेवले की दुसरी अडचण उभी राहते. गोळा मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. त्यामुळे तेथे पडलेले वजन तरफेसारखे काम करून मोटारीचे नाक वर उचलते. उसाच्या जड ट्रॉलीमुळे ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, त्यातला हा प्रकार आहे. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू आणि ब्रेक यांची पकड कमी होते, रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जातो आणि मागची चाके व स्प्रिंगा यांच्यावर जादा ताण पडतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे, गोळा मागच्या चाकांपासून दीड मीटर मागे आहे आणि दांडीवर २२० किलो वजन आहे, असे समजू. साध्या जोडणीत पुढच्या चाकांवरील ११० किलो भार कमी होतो आणि मागच्या चाकांवर ३३० किलो वाढतो.

भारवाटप जोडणीत गोळ्याच्या बैठकीतून दोन पोलादी स्प्रिंग बार निघतात आणि दांडीच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात. त्यांची टोके साखळ्यांनी किंवा कंसांनी वर उचलून दांडीला पक्की केली जातात. बार वाकतात आणि त्यांच्या ताणामुळे मोटारीचा मागचा भाग वर उचलला जातो. एकचाकी हातगाडीच्या मुठी उचलल्या की वजन पुढच्या चाकावर जाते, तशीच ही क्रिया होय. वरील उदाहरणात गोळ्यापासून ट्रेलरची चाके साडेचार मीटरवर असली आणि पुढच्या चाकांचा गेलेला सर्व भार परत आणला, तर मागच्या चाकांवरील वाढ ३३० वरून १६५ किलोवर येते. उरलेले ५५ किलो ट्रेलरच्या चाकांवर जातात. एकूण वजन तेवढेच राहते, बदलते ती केवळ वाटणी. म्हणूनच मोटारीची ओढण्याची किंवा वजन पेलण्याची मूळ मर्यादा या जोडणीने वाढत नाही.

पुढच्या चाकांचा भार पूर्ण परत आणावा की काही अंशी, याविषयी वाहन कंपन्यांच्या सूचना निरनिराळ्या आहेत. वाजवीपेक्षा जास्त ताण दिला तर मागची चाके हलकी होऊन वळणावर मोटारीचा मागचा भाग घसरू शकतो. काही मोटारींसाठी तर अशी जोडणी वापरूच नये, असे उत्पादक सांगतात. मोटारीची पुस्तिका हाच या बाबतीतला अंतिम शब्द समजावा.

हेलकावे रोखण्याचे तीन मार्ग

भार वाटणे आणि हेलकावे रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत. केवळ भारवाटप जोडणी बसविली म्हणून झोके थांबतीलच असे नाही. त्यासाठी तीन प्रकारची साधने वापरात आहेत.

पहिला प्रकार घर्षण पट्टीचा. दांडी आणि गोळ्याची बैठक यांच्यामध्ये एक सरकती पट्टी बसवून ती घट्ट आवळली जाते. ट्रेलर वळू लागला की घर्षण त्याला विरोध करते. हे साधन स्वस्त असून लहान ट्रेलरांना पुरेसे ठरते. मात्र पावसात त्याची पकड कमी होते आणि ट्रेलर मागे घेण्यापूर्वी ते काढावे किंवा उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे सैल करावे लागते. हे विसरल्यास पट्टी वाकते.

दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग बारच हे काम करतात. बारच्या टोकांना खाचा असतात व त्या दांडीवरील उंचवट्यांवर बसतात, किंवा बार कंसांवर घट्ट टेकून घासतात. ट्रेलर सरळ रेषेत राहावा, अशी त्यांची रचना असते. हेलकावा सुरू होण्याआधीच त्याला विरोध होतो, हा याचा गुण.

तिसरा प्रकार 'हेन्स्ली' पद्धतीच्या जोडणीचा. यात दांड्यांच्या चौकटीमुळे ट्रेलरचा वळण्याचा बिंदू गोळ्यापाशी न राहता मोटारीच्या मागच्या चाकांच्या दिशेने पुढे सरकतो. परिणामी ट्रेलरला मोटारीची शेपटी ढकलण्यासाठी तरफच मिळत नाही. ही जोडणी परिणामकारक असली तरी वजनदार आणि महाग आहे. जुन्या हलक्या दांडीला तिचे ओझे सोसेल काय, हा विचार आधी करावा लागतो.

जुन्या सांगाड्याची मर्यादा

जुन्या ट्रेलरचा खरा प्रश्न येथेच सुरू होतो. स्प्रिंग बारचा सगळा ताण अखेर दांडीवर आणि सांगाड्यावर येतो. पन्नास-साठ वर्षे पावसापाण्यात राहिलेल्या सांगाड्याचे पोलाद वरून शाबूत दिसले तरी आतून गंजलेले असू शकते. दांडी जेथे घराच्या खाली शिरते, त्या सांध्यावर बारीक तडे जाण्याची शक्यता सर्वांत अधिक. एअरस्ट्रीमसारख्या ट्रेलरांत अ‍ॅल्युमिनियमचे कवच आणि लोखंडी सांगाडा मिळून भार पेलतात. लाकडी जमीन कडेने कुजली की ही सांगड सुटते आणि मागचा भाग सांगाड्यापासून अलग होऊ लागतो. हा दोष या ट्रेलरांच्या मालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

अशा ट्रेलरला 'जितके मजबूत तितके चांगले' या समजुतीने अतिशय ताठ बार लावणे घातक ठरते. बाजारात साधारण २७० ते ५५० किलोपर्यंतच्या दांडीभारासाठी बार मिळतात. दांडीवर प्रत्यक्ष पडणाऱ्या वजनाला साजेसे बार निवडावेत. ताठ बार रस्त्यावरचे धक्के न पचविता ते थेट जुन्या कवचाकडे पोहोचवितात आणि रिव्हेटा ढिल्या होऊ लागतात. रबरी टॉर्शन अ‍ॅक्सल असलेल्या जुन्या ट्रेलरांत रबर कडक होऊन धक्का शोषण्याची शक्ती आधीच ओसरलेली असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

गोळ्याच्या मापाकडेही लक्ष हवे. अमेरिकेत १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच अशी मापे आढळतात. मोठ्या तोंडाच्या कपलरखाली लहान गोळा बसविल्यास एखाद्या खड्ड्यात ट्रेलर सुटू शकतो. शिवाय नूतनीकरणात मागच्या बाजूला बसविलेली पाण्याची किंवा सांडपाण्याची टाकी ट्रेलरचा मूळ तोलच बदलून टाकते. कारखान्यातून निघताना जो ट्रेलर स्थिर होता, तो दुरुस्तीनंतर तसाच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

वजन मोजण्याची सोपी रीत

दांडीवरचे वजन घरच्या वजनकाट्यावरही मोजता येते. एक भक्कम लाकडी तुळई घेऊन तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे, तीन फूट अंतरावरचे टोक काट्यावर ठेवावे. विटेपासून एक फुटावर दांडीचे टोक टेकवावे. काटा दाखवील त्या आकड्याची तिप्पट म्हणजे दांडीवरील वजन. मोजणी सपाट जागेवर, चाकांना अटकाव लावून आणि प्रवासाचे सर्व सामान भरूनच करावी. चाकांवरील वजन मात्र ट्रकच्या थांब्यांवरील मोठ्या काट्यावर तपासणे उत्तम. मोटार एकटी, ट्रेलरसह पण बार सैल ठेवून आणि बार ताणून, अशा तीन नोंदींतून वाटणी कशी झाली ते नेमके कळते.

जोडणीचे क्रमही ठरलेले आहेत. प्रथम सामानाची मांडणी, मग टायरमधील हवा, मग गोळ्याची उंची आणि शेवटी बारचा ताण. जोडल्यावर ट्रेलर सपाट किंवा नाकाशी किंचित खाली असावा. नाक वर राहिल्यास हेलकाव्यांना आमंत्रण मिळते.

झोका आलाच तर

एवढे करूनही झोके सुरू झाल्यास मोटारीचा ब्रेक दाबण्याचा मोह टाळावा, कारण मागून येणारा ट्रेलर मोटारीला अधिकच ढकलतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, सुकाणू सरळ धरावे आणि ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक चालकाजवळच्या खटक्याने हाताने लावावेत. ट्रेलर मागे खेचला जाऊन ताण सरळ होतो. यासाठी जुन्या ट्रेलरचे ब्रेक आणि त्यांच्या वायरी कार्यक्षम असणे ही पहिली अट आहे. नव्या मोटारींतील इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणा काही प्रमाणात साह्य करते, पण ती झोका सुरू झाल्यानंतरच जागी होते. त्यानंतर सुरक्षित जागी थांबून सामानाची मांडणी तपासावी. झोका ही बहुतेक वेळा चुकलेल्या वजनाची तक्रार असते आणि जोडणी आवळून ती केवळ दबली जाते.

थोडक्यात, भारवाटप आणि हेलकावे-नियंत्रण करणारी जोडणी ही चांगल्या मांडणीला दिलेली जोड आहे, चुकीच्या मांडणीवरचा इलाज नव्हे. ज्यांच्या ताब्यात अशी जुनी घरे आहेत, त्यांनी आधी सांगाडा तपासावा, मग वजन मोजावे आणि त्यानंतरच हिचच्या दुकानाची पायरी चढावी. हा क्रम पाळला तर अर्धशतकापूर्वीचा ट्रेलरही आजच्या रस्त्यावर निर्धास्तपणे धावू शकतो.